नेपतीच्या मागावर

झाडं शोधत हिंडणाऱ्या माणसांकडे झाडं थोडी आणि किस्से फार साठतात. झाड एकदा ओळखलं, वहीत लिहिलं, की संपलं. पण ते सापडेपर्यंत जे जे होतं, ते वहीत लिहायची सोय नसते. मग ते तसंच डोक्यात पडून राहतं आणि चहाला कुणी नवा माणूस बसला की बाहेर पडतं. आमच्या चौघांच्या वहीत गेल्या वर्षभरात एका झुडपाची जेमतेम चार पानं भरली आहेत. किस्से विचाराल, तर बसा.

आधी चौघं कोण ते सांगते. पहिले देवरे सर. बॉटनीचे निवृत्त प्राध्यापक, मूळचे सटाण्याकडचे. एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण खूश झाले की अहिराणीवर येतात, त्यामुळे सर खूश आहेत हे आम्हाला विचारावं लागत नाही. दुसरी शैला. मखमलाबादला तिची शेवंती, झेंडू आणि थोडा भाजीपाला. पहाटे मार्केट करून आल्यावर ती आमच्याबरोबर दिवसभर ऊन खाते. तिसरे अस्लमभाई. मालेगावचे, जीप त्यांची, आणि सुरुवातीला त्यांचं काम फक्त गाडी चालवणं एवढंच होतं. चौथी मी, सुनंदा. माझं गंगापूर रोडला चष्म्याचं दुकान आहे. झाडांमधलं मला तुळस आणि कढीपत्ता एवढंच ओळखू यायचं.

* * *

सर पहिल्यांदा दुकानात आले ते चष्म्यासाठी नाही. त्यांच्या खिशात एक छोटं घडीचं भिंग असतं, दहापट मोठं दाखवणारं. त्याची काच निसटली होती. मी बसवून दिली. नीट बसली का ते बघायला सरांनी वर्तमानपत्राची एक पुडी सोडली आणि आतली काडी काउंटरवर ठेवली. मला वाटलं, खराट्याची काडी. हिरवट, बोथट, एक पान नाही.

सर म्हणाले, तुम्हीच बघा.

मी भिंग डोळ्याला लावलं आणि काडी जवळ आणली. तर काडीवर जागोजागी काट्यांच्या जोड्या. दोन-दोन, मागे वळलेल्या, मांजराच्या नखांसारख्या. आणि काडीचा हिरवा रंग वरवरचा नव्हता. आतून हिरवी होती ती, एखाद्या पानासारखी. मी विचारलं, पानं गळून गेली का?

सर म्हणाले, नाही, हिला पानं ठेवायचीच नसतात. कोवळा फुटवा आला की त्यावर चार-दोन बारीक पानं येतात आणि थोड्या दिवसांत ती स्वतःच टाकून देते. पानातून पाणी उडतं. जिथं ही राहते तिथं पाणी उडवायची चैन परवडत नाही.

"मग स्वयंपाक कोण करतं?" मी विचारलं. शाळेत शिकलेलं तेवढंच आठवत होतं.

"काडी," सर म्हणाले. "पान, खोड, देठ, सगळं ती एकटीच."

हे झुडूप म्हणजे नेपती. वाळवंटातलं. राजस्थानात मैलोन्‌मैल असतं म्हणे, पण ते आपलंही आहे, कुणी आणून लावलेलं नाही. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला-नांदगावच्या कोरड्या माळांवर ते पूर्वी होतं. सरांनी विद्यार्थी असताना पाहिलं होतं. त्यांच्या जुन्या कॉलेजात त्याचा वाळवलेला नमुना आहे, आणि खालच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय, 'येवल्याच्या पूर्वेस, माळ'. आता त्या पूर्वेस कांदा आहे, प्लॉट आहेत, ढाबे आहेत. ही काडी एका विद्यार्थ्यानं आणून दिली होती. ती नेमकी कुठून तोडली, ते त्याला सांगता येत नव्हतं.

सरांना मरायच्या आधी नेपती तिच्या घरी बघायची होती. हे ते अगदी सहज म्हणाले, दुधाचा हिशेब सांगावा तसं. मग विचारलं, रविवारी मोकळ्या असता का?

दुकान रविवारी बंद असतं. मी हो म्हटलं. आजही मला नवल वाटतं, की एका काडीसाठी मी हो म्हटलं.

* * *

पहिली मोठी चूक माझी. मोबाइलवर झाडं ओळखायचं एक ॲप असतं, ते मी उत्साहानं घेतलं होतं. एका ओळखीच्या बाईंनी हरसूलहून फोटो पाठवला. हिरव्या नुसत्या काड्यांचं झुडूप, पान नाही. ॲपनं सांगितलं, नेपती. मी सरांना फोन केला. सर थोडं थांबले आणि म्हणाले, चला, बघून येऊ.

सरांना तेव्हाच माहीत होतं, हे मला नंतर कळलं. पण त्यांची शिकवायची पद्धतच तशी. कुणाला चूक आहेस म्हणायचं नाही, चुकीपर्यंत चालत न्यायचं.

हरसूल म्हणजे डोंगरातलं गाव. वाटेत भाताची खाचरं, नागली, झाडांवर शेवाळ. हिवाळा सुरू झाला होता तरी ओढे वाहत होते. आठवडे बाजाराचा दिवस होता. मी एका म्हाताऱ्या बाबांना अडवून विचारलं, इकडं पानं नसलेलं झाड कुठं आहे का हो, उभं, जिवंत?

बाबांनी खरंच खूप विचार केला. मग म्हणाले, "पान नाही म्हंजी मंग ते सरपण झाला ना बाई."

फोटोतलं झुडूप सापडलं, एका घराच्या कुंपणाला. शैलानं एक कांडी मोडली, आणि पांढरा चीक भसाभसा बोटांवर आला. शेर. कुंपणाला लावतात तो चिकाचा शेर. सर म्हणाले, "नेपतीला चीक नसतो." एवढंच.

परत येताना सरांनी जीप त्र्यंबकच्या अलीकडे थांबवली आणि पूर्वेकडे हात केला. आपण उभे आहोत तिथं पाऊस इतका पडतो, की दगडालाही हिरवं अंग येतं. आणि तिकडं, जीपनं तीन-चार तासांवर, त्याच जिल्ह्यात, एक झाड पाण्याच्या थेंबासाठी स्वतःची पानं टाकून देतं. मी जन्मापासून नाशिकची. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वेगळे देश आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी ॲप काढून टाकलं.

* * *

नेपती सापडली ती देवरे सरांना नाही, शैलाला नाही आणि मला तर नाहीच. ती अस्लमभाईंना सापडली.

अस्लमभाईंना आमच्या हिंडण्यात काडीचा रस नव्हता. आम्ही उन्हात फिरायचो, ते जीपच्या सावलीत रेडिओ ऐकायचे. एकदा त्यांनी मला खाजगीत विचारलं होतं, सर बरे आहेत ना, म्हणजे तब्येतीनं? मी म्हटलं, ठणठणीत आहेत. त्यावर त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

फाल्गुन होता. येवल्याच्या पुढं एका गावाकडं वळलो होतो. गावाचं नाव मी सांगत नाही, सरांची ताकीद आहे. रस्ता नाल्याच्या कडेनं जात होता. एकाएकी अस्लमभाईंनी ब्रेक दाबला. आम्हाला वाटलं, समोर बकरी आली. पण ते खाली उतरले आणि नाल्यापलीकडं बघत राहिले.

पलीकडच्या उतारावर काहीतरी लाल होतं. पळसासारखं नारिंगी नाही. विटेचा लाल, गुलाबीकडं झुकलेला. अख्खं झुडूप त्या रंगात बुडालेलं, आणि फुलांच्या मध्ये पान म्हणून एक नाही. सगळा माळ करपलेला, गवत पिवळं, बाभळी धुळीनं पांढऱ्या, आणि त्यात हे एकटं फुललेलं. पुढं बघितलं तर एकटं नव्हतं. उताराच्या कडेनं सात-आठ होती.

सर चप्पल सरकत असतानाही नाला उतरून गेले. मागून मी ओरडत होते, सावकाश. जवळ गेल्यावर त्यांनी फुलाला हात लावला नाही. दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा म्हणाले, "हाईच शे. हाईच शे ती."

अस्लमभाई शेवटी आले. त्या रस्त्यानं त्यांनी वर्षानुवर्षं लासलगावचा कांदा नेला होता, वऱ्हाडं नेली होती. ते झुडपाकडं बघत हळूच म्हणाले, "बीस साल से देख रहा हूँ मॅडम. आज दिखा."

त्या दिवसापासून ते रेडिओ ऐकत नाहीत.

* * *

मला वाटलं, झालं, ओळखलं, आता घरी जायचं. सरांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांचं म्हणणं, नाव कळलं म्हणजे ओळख झाली असं नसतं. शेजाऱ्याचं नाव पाटीवरही लिहिलेलं असतं. त्याच्याकडं कोण येतं, कोण जातं, तो कशावर जगतो, ते कळलं की ओळख.

म्हणून चैत्रातले चार रविवार आम्ही त्या झुडपांपाशी बसून काढले. प्रत्येकाला एक झुडूप वाटून दिलं होतं. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली. जे दिसेल ते लिहायचं.

माझ्या झुडपावर सकाळी शिंजीर आले. एवढासा पक्षी, उन्हात निळाजांभळा चमकतो, वाकडी चोच फुलात घालून मध ओढतो. मग मुंग्या. मग पांढरी फुलपाखरं, पंखांना काळी किनार, ती कोवळ्या फुटव्यावर अंडी घालून गेली. सर म्हणाले, ती पिढ्यान्‌पिढ्या याच कुळातल्या झाडांवर येतात, त्यांच्या अळ्यांना दुसरं चालत नाही. बारा वाजता ऊन असं तापलं, की जमिनीवर हात टेकवेना. मी घरातला भिंतीवरचा थर्मामीटर आणला होता, तो उघड्या मातीवर ठेवला तर पारा आकडे संपून वर टेकला. मग तोच जरा निववून झुडपाच्या पोटात सरकवला. तिथं पारा सुखानं मधेच थांबला. पान नसलेल्या झुडपाखाली सावली असते, आणि त्या सावलीत तेव्हा एक सरडा, दोन चतुर आणि बऱ्याच मुंग्या दुपार काढत होत्या.

खाली माती पांढरट होती, चुनखडीच्या खड्यांची. पिकाला नको असलेली. नेपतीला तीच हवी होती.

शैलाच्या झुडपानं मात्र आमच्या सगळ्यांवर मात केली. तिनं बसायला जागा साफ करायला म्हणून खालचं वाळकं गवत हलवलं, आणि एकदम मागं सरकली. तिनं आम्हाला हातानंच बोलावलं. गवतात तितर बसली होती. मातीच्या रंगाची, इतकी तंतोतंत की मी तिच्याकडं बघत असूनही ती मला आधी दिसली नाही. तिचा डोळा दिसला, आणि मग भोवती पक्षी दिसला. ती उठली नाही. आमच्यापासून हातभर अंतरावर, चार माणसं वाकून बघताहेत, आणि ती अंड्यांवरून उठली नाही.

आम्ही उलट्या पावली मागं आलो. शैलानं वहीत लिहिलं, 'माझ्या झाडाखाली बाळंतीण आहे. मी दुसरीकडं बसते.'

* * *

आता मुळाचं सांगते.

नाल्याच्या कडेला एका ठिकाणी दरड कोसळली होती. भिंतीसारखा उभा कातळ-मातीचा कापलेला भाग, आणि वर अगदी टोकाशी एक नेपती. फार तर माझ्या खांद्याला लागेल एवढी. दरड पडल्यामुळं तिचं मूळ उघडं पडलं होतं. ते भिंतीवरून सरळ खाली येत होतं, माझ्या मनगटाएवढं जाड.

अस्लमभाईंनी जीप ओढायचा दोर आणला. वरून झुडपाच्या बुंध्याशी एक टोक धरलं आणि मुळालगत दोर खाली सोडला. पंधरा हातांचा दोर नाल्याच्या तळाला टेकला. मूळ तिथंही संपलं नव्हतं. तळातल्या वाळूत शिरून ते पुढं गेलं होतं, आणि शिरतानाही बोटापेक्षा जाड होतं. शिवाय मधेच त्याला आडव्या फांद्या फुटल्या होत्या, माळाच्या दिशेनं मातीत गेलेल्या.

सरांनी वाळू उकरायला सुरुवात केली आणि कोपरभर गेल्यावर थांबले. त्या मुळावर तळहात ठेवून बसले. मी विचारलं, किती वर्षांचं असेल? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी लहान असतानाचं असेल, माझ्या आजोबांच्या वेळचंही असेल. वर बकऱ्यांनी खाल्लं, कुणी तोडलं, वणवा गेला, तरी खालचं खालीच राहतं.

अस्लमभाई वरून वाकून बघत होते. ते म्हणाले, "सर, ये तो उल्टा झाड है. जो ऊपर है ना, वो जड़ है."

सरांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलंय, खाली नावासकट.

* * *

वैशाखात फळं धरली. आधी हिरवी, बोराहून लहान, मग गुलाबी-लाल. शैलानं एक हिरवं तोडून दाताखाली धरलं. आम्ही ओरडेपर्यंत चावलंसुद्धा. कडू, तुरट. तिनं तोंड वाकडं केलं आणि मग तसंच ठेवलं. ती रडायला लागली होती.

शैलाचं माहेर त्याच बाजूचं. ती दहा वर्षांची असताना आई गेली. आई एक लोणचं घालायची, शैला म्हणाली. मिठाच्या पाण्यात आठ-आठ दिवस फळं मुरवायची, पाणी बदलत राहायची, मग मोहरी, हळद. घरात त्याला नुसतं 'माळावरचं लोणचं' म्हणायचे. कसलं, कुठल्या झाडाचं, हे कुणी विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. सासरी आल्यावर शैलानं कैरी, लिंबू, करवंद, सगळी लोणची घालून पाहिली. ती चव येईना. नंतर तिला वाटायला लागलं, की असं लोणचं नव्हतंच, लहानपणी मनानंच धरलेलं असेल.

सरांचं फळं तोडण्याबद्दल फार कडक असतं. पक्ष्यांचं आहे, बियांचं आहे, हात लावायचा नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतः ओंजळभर फळं तोडली, काटे लागून मनगटावर रक्त आलं, आणि शैलाच्या पदरात टाकली.

पंधरा दिवसांनी शैलानं तिघांनाही एक-एक लहान बाटली दिली. मी विचारलं, आईसारखं झालं का? ती म्हणाली, "नाही ताई. पण आई खरी होती, एवढं कळलं."

* * *

आता शेवटचं. हे मी सहसा सांगत नाही, कारण ऐकणारा माझ्याकडं बघायला लागतो.

तो माळ गावाचा. कागदावर 'पडीक'. येत्या पावसाळ्यासाठी तिथं वृक्षारोपण ठरलं होतं. आम्हाला कळलं तेव्हा सर सरपंचबाईंकडं गेले, मी बरोबर होते. सरांनी तासभर समजावलं. बाईंनी सगळं ऐकलं, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "सर, झाडं लावू नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते." पण बाई समजूतदार. नाल्याकडची बाजू सोडू, म्हणाल्या. तो निरोप जेसीबीवाल्यापर्यंत पोचायला हवा होता. तो पोचला नाही. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर नाल्यापर्यंतचा माळ टेबलासारखा सपाट होता. कडेला काटेरी ढीग.

सर त्या सपाट जागेत खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बकऱ्या आल्या आणि बकऱ्यांमागून एक म्हातारी. एका बकरीच्या गळ्यातल्या दोरीला धरून चालत होती. ठकूबाई तिचं नाव. डोळे पूर्ण गेलेले. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं लोकांचे डोळे बघतेय, त्यामुळं मी लगेच विचारपूस केली. काचबिंदू. मोठ्या दवाखान्यात दाखवून झालेलं, आता उपाय नाही. तिनंच ते मला शांतपणे सांगितलं. मग विचारलं, इथं कोण बसलंय, आणि काय हरवलंय?

सर म्हणाले, "मावशी, नेपती गेली."

"जाती कुठं?" ठकूबाई म्हणाली. "वरची काढली."

तिनं पायातल्या वहाणा काढून माझ्या हातात दिल्या आणि चालायला लागली. मी तिचा हात धरला. शैला पुढं होऊन काटे बाजूला करत होती. ठकूबाई पाय उचलून टाकत नव्हती, जमिनीवरून सरकवत होती. मधेच थांबायची. काठी टेकवायची. "हितं हाय." पुन्हा चालायची. पुन्हा थांबायची. "हितं बी हाय." मला तिथं नुसती माती दिसत होती, जेसीबीच्या चाकांची नक्षी उठलेली. सर मागून येत होते. खड्डे आखायला आणलेली पांढरी फक्की तिथंच गोणीत पडलेली होती. तिची मूठ घेऊन ते प्रत्येक जागेभोवती रिंगण काढत होते. मी तिच्या पायांकडं बघत होते, त्यामुळं मोजलं नाही. शेवटी शैलानं मोजली. अकरा रिंगणं.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? ती म्हणाली, पायाला लागतं. काय लागतं? "ते नाय सांगता यायचं, बाई."

सरपंचबाईंनी तीन आठवडे दिले. रिंगणात काही उगवलं तर ती बाजू सोडू, नाहीतर रोपं लावू, असं स्पष्ट सांगितलं. ते तीन आठवडे सर दुकानात येऊन बसायचे. भिंग काढायचे, पुसायचे, पुन्हा खिशात ठेवायचे.

तीन आठवड्यांनी सगळेच गेलो. सरपंचबाई आधीच आल्या होत्या, गावातली पाच-सहा माणसंही. पाऊस अजून लांब होता, जमीन भाजत होती. फक्की पुसट झाली होती, पण रिंगणं कळत होती. मी पहिल्याशी गुडघे टेकून बसले. मातीतून बोटाएवढा हिरवा कोंब वर आला होता, आणि त्यावर दोन पानं. बारीक, कोवळी. जन्मात जेमतेम काही दिवस दिसणारी ती पानं मी भिंगातून बघितली, आणि मग सरपंचबाईंना भिंग दिलं. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

अकरापैकी आठ रिंगणांत कोंब होते. रिंगणांबाहेर एकही नाही. सरपंचबाई उभ्या राहिल्या आणि बरोबरच्या माणसाला म्हणाल्या, ही बाजू कागदावर वेगळी काढा. तीन राहिली तर राहिली.

ठकूबाईनं हे ऐकलं. विचारलं, तीन कुठली? मी तिला नेलं. तिनं वहाणा काढल्या, रिकाम्या रिंगणात उभी राहिली, आणि मान हलवली.

"ही माझी नव्हं."

दुसऱ्यात नेलं. "ही बी नव्हं." तिसऱ्यातही तेच. मग ती आमच्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाली, "म्या आठच सांगितली हुती. ही कुणी काढली?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि मग सगळ्यांनी सरांकडं.

सरांचा चेहरा लाल झाला होता. ती तीन त्यांनी काढली होती. मागं राहून, कुणाला न सांगता, तिनं न दाखवलेल्या जागी. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, म्हणाले, की पडताळा घेतल्याशिवाय मानायचं नाही. सवय जात नाही. मावशी, माफ करा.

सर खाली बसले. बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, आणि त्या तापलेल्या मातीत तिच्याशेजारी अनवाणी उभे राहिले. चटका बसत असणार, पण हलले नाहीत.

"आता सांगा," ते म्हणाले, "मी काय ओळखायचं?"

ठकूबाईनं काठीनं त्यांचे पाय चाचपून बघितले.

"आज नगं," ती म्हणाली. "आज तुमाला नुसतं ऊन लागंल. सकाळच्याला या."